जॉबवर्कचे ₹८,६४,५०० अडकलेत, पार्टीशी काम तोडायचं नाही. वसुली कुठून सुरू करावी?

भोसरी_व्हीएमसी

भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्क आहे. कास्टिंग (ओतीव भाग) पार्टीचं, मशीनिंग आमचं. पार्टी चाकणची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. सात बिलांचे मिळून ₹८,६४,५०० येणं आहे. सगळ्यात जुनं बिल नऊ महिन्यांचं, शेवटचं दोन महिन्यांचं. पीओवर (परचेस ऑर्डरवर) पेमेंटची मुदत ६० दिवस लिहिली आहे. आमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२२ पासून सूक्ष्म उद्योग म्हणून आहे. सातही बिलांचा जीएसटी भरून झाला आहे.

फोन केला की "वरून पैसे आले की सोडतो" हेच उत्तर मिळतं. गेल्या महिन्यात त्यांनी तिसऱ्या बिलावर रिजेक्शन दाखवून ₹१,१२,००० ची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कापत असल्याचा कागद) पाठवली. तो माल जाऊन सात महिने झाले. त्यांचे ३४० तयार नग आणि दोन फिक्श्चर (नग मशीनवर पकडायची साधनं) अजून आमच्या शेडमध्ये आहेत.

माल अडवून धरता येतो का? व्याज मागावं का? समाधान पोर्टल (थकबाकीच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) बरं की कोर्ट?

---

थ्री_वे_मॅच

कायद्याकडे वळण्याआधी बिलं नेमकी कुठे थांबली आहेत ते काढा. "पैसे नाहीत" हे उत्तर फोनवर मिळतं, पण निम्म्या वेळा बिल पेमेंटच्या यादीत चढलेलंच नसतं.

मोठ्या पार्टीच्या सिस्टीममध्ये पीओ, जीआरएन (माल स्टोअरमध्ये जमा झाल्याची नोंद) आणि बिल या तिघांचा मेळ बसल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. जॉबवर्कमध्ये हा मेळ ठरावीक जागी तुटतो. गेटवर चलनावर शिक्का बसतो, पण स्टोअरमध्ये जीआरएन होत नाही. पीओची शिल्लक संख्या संपलेली असते आणि त्यावरच जास्तीचे नग गेलेले असतात. रेट वाढलेला असतो, पण पीओची दुरुस्ती निघालेली नसते. बिलावर पीओ नंबर किंवा व्हेंडर कोड चुकलेला असतो. नाहीतर क्वालिटीने लॉट "होल्ड" वर टाकलेला असतो आणि तो सोडायचा राहून जातो. यातलं काहीही असलं तरी अकाउंट्सचा माणूस ते फोनवर सांगत बसत नाही, वेळ मारून नेतो.

आज एक तक्ता करा. बिल नंबर, तारीख, पीओ नंबर, चलन नंबर, नग, रक्कम, पेमेंटची तारीख, किती दिवस उलटले. शेवटचा रकाना "जीआरएन नंबर व तारीख" असा ठेवा, तो त्यांच्याकडून भरून मागा. मेल अकाउंट्स, परचेस आणि स्टोअर या तिघांना एकत्र टाका. पैशाचा तगादा त्या मेलमध्ये नको, फक्त "खालील सात बिलांपैकी कोणत्या बिलाची जीआरएन प्रलंबित आहे ते कळवा" एवढंच. जीआरएनचा प्रश्न स्टोअरवाला सोडवतो, पैशाचा मालक. दोन्ही एका मेलमध्ये घातले की कोणीच उत्तर देत नाही.

त्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) तुमची नोंद सूक्ष्म उद्योग म्हणून आहे का, तेही विचारा. नसेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडा आणि पोच मागा. ही खूण नसली की तुमची बिलं साध्या व्हेंडरच्या ढिगात जातात. उद्यम नंबर बिलावरच छापत चला.

---

कलम_पंधरा

वरचं आधी करा. आता हक्काचं सांगतो.

एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा), २००६ च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे जाऊच शकत नाही. तुमच्या पीओवरचे ६० दिवस इथे ४५ धरले जातात. मुदत लेखी नसेल तर १५ दिवस.

तुमच्या डेबिट नोटच्या बाबतीत कामाची गोष्ट पुढे आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणजे सहा महिन्यांनी आलेल्या डेबिट नोटमुळे पेमेंटची तारीख पुढे सरकत नाही. मात्र डेबिट नोट आपोआप रद्दही होत नाही. फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) ते प्रतिदावा म्हणून ती मांडू शकतात, त्यामुळे तिच्यावर गप्प बसू नका. लेखी उत्तरात मागा: किती नग, कोणतं माप, ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन, तपासणी अहवाल, आणि नाकारलेले नग परत. ब्लो-होल (कास्टिंगच्या आतली पोकळी) मशीनिंगनंतरच उघडा पडतो, पण तो कास्टिंगचा दोष आहे. रिजेक्शनमध्ये मटेरियलचे किती आणि मशीनिंगचे किती, हे वेगळं करून मागितल्याशिवाय एक रुपयाही कबूल करू नका. आणि वादाची रक्कम ₹१,१२,००० आहे. उरलेल्या ₹७,५२,५०० बद्दल वाद नाही, हे त्याच पत्रात ठळक लिहा. एका लॉटच्या वादावर सातही बिलं थांबवली जातात, ती गाठ तिथेच सोडवायची.

व्याज कलम १६ मध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. हा बँक रेट आहे, रेपो रेट नव्हे, आणि तो बदलत असतो, त्यामुळे हिशेबात थकबाकीच्या काळातला रेट बघावा लागतो. बँक रेट ५.५० टक्के धरला तर व्याज वर्षाला १६.५० टक्के, महिन्याला १.३७५ टक्के. ₹१,००,००० सहा महिने थकले तर व्याज सुमारे ₹८,५४० होतं. पीओवर "व्याज देय नाही" असं छापलं असलं तरी या व्याजावर त्याचा परिणाम होत नाही. प्रत्येक बिलाचं व्याज वेगळं काढा, सगळ्यांची बेरीज करून सरासरी तारीख लावू नका. ती पद्धत पहिल्याच सुनावणीत पडते.

पुढच्या वाचकांसाठी दोन मर्यादा सांगतो. एक, नुसता व्यापार करणाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्यक्षेत्राच्या कर्जापुरती, थकबाकीच्या या तरतुदी त्यांना लागू नाहीत. दोन, माल, मजुरी, उभारणी असं सगळं एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. शेड उभारणीवाल्यांनी आधी वकिलाला दाखवावं. पार्टीच्या कास्टिंगवर मशीनिंग करून देणं त्यात येत नाही.

---

शॉपफ्लोअर_४११०२६

एवढं लांब कशाला? ३४० नग सोडूच नका. लाइन बंद पडायची वेळ आली की संध्याकाळपर्यंत आरटीजीएस येतो.

---

दिवाणी_बाजू

थांबा, इथे हात भाजतात.

भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्या मालावर कारागिराने कौशल्य आणि श्रम घातले, तो माल त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येतो. पण फक्त त्याच मालाच्या मजुरीसाठी. या ३४० नगांच्या मशीनिंगची मजुरी थकली म्हणून हे ३४० नग. मागच्या सात बिलांसाठी हे नग अडवणं या कलमात बसत नाही. सगळ्या जुन्या बाकीसाठी माल धरायचा हक्क कलम १७१ मध्ये आहे, तो बँकर, वकील वगैरे मोजक्या धंद्यांना आहे. जॉबवर्करला तो करारात लिहून घ्यावा लागतो.

त्यातही उधारी ठरलेली असेल तर अडवणूक चालत नाही. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलं आहे: तीन महिन्यांची उधारी कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुमच्या पीओवर ६० दिवस आहेत, तेव्हा तुम्ही त्या शिंप्याच्या जागी आहात.

फिक्श्चरला तर हात लावू नका. त्यावर तुम्ही काही काम केलेलं नाही, ती त्यांची वस्तू आहे. फिक्श्चर दाबून ठेवल्याची तक्रार पोलिसांत गेली की पैसे मागणारा आरोपीच्या बाकावर बसतो.

करता येण्यासारखं हे आहे: नवं कास्टिंग उतरवून घेऊ नका. "थकबाकीमुळे नवीन काम स्वीकारणं थांबवत आहोत, हातातले ३४० नग मजुरीची रक्कम जमा होताच पाठवू, पुढचं काम प्रत्येक लॉटला आगाऊ पैशावर" असा मेल टाका. ३४० नगांचं प्रोफॉर्मा बिल (पैसे येण्याआधी दाखवायचं कच्चं बिल) त्याच मेलला जोडा. हा नवा प्रस्ताव आहे, ते मान्य करू शकतात, मोलभावही करू शकतात. नाकारून माल मागितला तर नग द्या आणि बिल लावा. नवं काम घ्यायचं की नाही हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. अपवाद एकच: संख्या आणि तारीख बांधून दिलेला पीओ तुम्ही लेखी स्वीकारला असेल, तर आधी तो वाचा.

---

ताळेबंद_३१मार्च

अकाउंट्सवाल्यांना वकिलाच्या नोटिशीपेक्षा त्यांच्या स्वतःच्या तारखा जास्त टोचतात. त्या लक्षात ठेवून पत्र लिहा.

जीएसटी: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमची रक्कम करासह दिली नाही, तर त्यांना त्या बिलाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण मधल्या काळाचं व्याज जातं. तुमच्या जुन्या बिलांचे १८० दिवस उलटले आहेत. पत्रात त्या बिलांपुढे ती तारीख लिहा.

आयकर: १९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच), आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू. सूक्ष्म-लघु उद्योगाला कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. इतर काही देणी विवरणपत्र भरेपर्यंत चुकती केली तर चालतात, ही सवलत इथे नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पार्टीच्या सीएला विषय सांगितला की पुरे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलेलं पत्र सर्वात जास्त काम करतं, कारण मार्चच्या पेमेंटचं नियोजन तेव्हा चालू असतं. २८ मार्चला पाठवलेलं पत्र वाचायला कोणाला सवड नसते.

कंपनी कायदा: ४५ दिवसांपुढे थकलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बाकीचं एमएसएमई-१ विवरणपत्र कंपनीला वर्षातून दोनदा भरावं लागतं, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. ताळेबंदातही ही बाकी आणि तिचं व्याज वेगळं दाखवावं लागतं. दिलेलं व्याज त्यांना खर्चात धरता येत नाही, तेही एमएसएमईडी कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे.

पत्रात धमकीचा सूर नको. "आपल्या विवरणपत्रांसाठी आमच्या बाकीचा बिलवार तपशील सोबत जोडला आहे" एवढं वाक्य पुरतं. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि संबंध टिकतात.

तुमच्या बाजूचं एक काम. २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता) उघडा. त्या पार्टीने तुमच्या बिलांवर टीडीएस कापून भरला असेल, तर बिल त्यांच्या वहीत जमा झाल्याचा हा भक्कम पुरावा आहे. कोणत्या तिमाहीत किती रकमेवर कापला ते बिलांशी जुळवा आणि त्याची प्रत काढून ठेवा. पैसे मिळाले नाहीत म्हणून जीएसटी वाचवायला क्रेडिट नोट मात्र काढू नका. क्रेडिट नोट म्हणजे मूळ बिलाची रक्कमच कमी असल्याची तुमची लेखी कबुली. डेबिट नोटमधला जो भाग खरोखर मान्य होईल, तेवढ्याचीच काढा.

---

भोसरी_व्हीएमसी

तक्ता पाठवला, दोन दिवसांत उत्तर आलं. दोन बिलांची जीआरएन झालेली नव्हती, पीओची संख्या संपली होती. तिसऱ्या बिलाचा लॉट क्वालिटी होल्डवर होता. उरलेल्या चार बिलांबद्दल अकाउंट्सच्या मॅनेजरचा मेल आहे: "फंडची अडचण आहे, ₹४,९१,००० महिनाअखेरीपर्यंत क्लिअर करू." २६एएसमध्ये पाच बिलांवर टीडीएस दिसतो. महिनाअखेर उलटली तर पुढे काय?

---

दिवाणी_बाजू

तो मेल जपून ठेवा, हेडरसकट पीडीएफ करा. अशा वसुलीला तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणं लेखी कबूल केलं की त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात, मुदत कायद्याचं कलम १८. फोनवरच्या आश्वासनाने असं काही होत नाही. म्हणून प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा मेल: "आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक रक्कम अमुक तारखेला." ते "ओके" लिहितात तेवढंही कामाला येतं.

त्यांनी बॅलन्स कन्फर्मेशनचा (बाकी किती हे कबूल करण्याचा) फॉर्म पाठवला तर आकडा बघून सही करा. बऱ्याचदा डेबिट नोट वजा करून कमी आकडा लिहिलेला असतो, आणि तुमची सही हीच तुमच्याविरुद्धची कबुली ठरते. आकडा जुळत नसेल तर त्याच कागदावर तुमचा आकडा आणि फरकाचं कारण लिहून परत करा.

महिनाअखेर उलटली तर क्रम असा ठेवा. आधी वकिलामार्फत नोटीस, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि मेलवर, १५ दिवसांची मुदत देऊन. त्यात मुद्दल, बिलवार व्याज आणि त्यांचा कबुलीचा मेल. मग एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज (आधी समाधान होतं, जून २०२५ मध्ये त्यासाठी ओडीआर पोर्टल आलं). उद्यम नंबरने लॉगिन होतं, पीओ, बिलं, चलनं आणि व्याजाचा तक्ता चढवायचा. प्रकरण पुरवठादार जिथे आहे तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं, खरेदीदार भारतात कुठेही असो. तुमची पार्टी चाकणचीच आहे, पण होसूर किंवा गुरुग्रामच्या पार्टीकडे अडकलेल्यांना ही फार मोठी सोय आहे. कौन्सिल आधी समेट घडवून बघते, जमलं नाही तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरूनच चला. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. या मार्गाची खरी ताकद एमएसएमईडी कायद्याच्या त्या कलम १९ मध्ये आहे. कोर्टाच्या साध्या हुकुमावर अपील करताना एवढी रक्कम आपोआप भरावी लागत नाही.

तीन वर्षांची मुदत इथेही विसरू नका. मुदत कायदा समेटाला लागू नाही पण लवादाला लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ठरवलं आहे. समेट फसला आणि दावा मुदतबाह्य निघाला तर लवादात काही हाती लागत नाही.

उद्यम नोंदणी नसलेल्यांसाठी: वाद ₹३ लाखांच्या वरचा व्यापारी असेल तर तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तोवर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, त्याची फी ₹१,०००. समोरचा आला तर ₹३ ते १० लाखांच्या वादाला मध्यस्थीची फी ₹१५,०००, दोघांत निम्मी-निम्मी. तो आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मग दावा लावता येतो. पीओ आणि कबुली लेखी असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७ च्या समरी सूटबद्दल (झटपट चालणाऱ्या दाव्याबद्दल) विचारा. त्यात प्रतिवादीला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी लागते.

दिवाळखोरी कायद्याची नोटीस कोणी सुचवली तर लक्षात घ्या, २०२० पासून त्याची किमान मर्यादा ₹१ कोटी आहे. तुमच्या रकमेला ती लागत नाही.

---

थ्री_वे_मॅच

जीआरएन नसलेल्या दोन बिलांसाठी परचेसकडून पीओची संख्या वाढवून घ्या. नवा पीओ नको, जुन्याचीच दुरुस्ती मागा. नव्या पीओवर तारीख पुढची पडते आणि मग जुनी चलनं त्याला जुळत नाहीत. चलनांच्या शिक्का मारलेल्या प्रती स्टोअरला स्वतः नेऊन द्या, जीआरएन नंबर हातात घेऊनच परत या.

---

भोसरी_व्हीएमसी

संचालकांशी बसून बोलणं झालं. ते ₹७,५२,५०० चे चार पुढच्या तारखांचे चेक द्यायला तयार आहेत, डेबिट नोट नंतर बघू म्हणतात. व्याज सोडा असा आग्रह आहे. घ्यावं का?

---

कलम_पंधरा

घ्या, पण कागद करून. कंपनीच्या लेटरहेडवर, संचालकाच्या सहीने. एकूण देणं किती, कोणती बिलं, चेक नंबर, तारखा आणि रकमा. एक जरी चेक परतला तरी उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल, कलम १६ च्या व्याजासह, हे स्पष्ट लिहून घ्या. व्याजाची सूट "चारही चेक वटल्यानंतर" मिळेल असं लिहा, आत्ता सोडू नका. डेबिट नोटचा वाद वेगळा आहे आणि नाकारलेले नग दाखवल्यावर ३० दिवसांत मिटवायचा, हेही त्याच कागदात येऊ दे. "फुल अँड फायनल" हे शब्द कुठेही असले तर सही नको.

चेक "सिक्युरिटी" म्हणून घेऊ नका, प्रत्येक चेक कोणत्या बिलापोटी आहे ते पत्रात लिहा. मध्येच आरटीजीएसने थोडीफार रक्कम आली तर त्याच दिवशी मेलने विचारा की ती कोणत्या बिलाची. पैसे देणारा काही सांगत नसेल तर ती कोणत्या बिलाला लावायची हे तुम्ही ठरवू शकता, सर्वात जुन्या बिलाला लावा आणि तसं कळवा.

---

दिवाणी_बाजू

चेकच्या तारखा भिंतीवर लावा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस, आणि तेही उलटले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात कलम १३८ ची (चेक न वटल्याची) तक्रार. नोटिशीत चेकची नेमकी रक्कम मागा. व्याज आणि खर्च लिहायचा तर वेगळ्या ओळीत, चेकच्या रकमेत मिसळू नका, मिसळलेल्या आकड्यावर नोटीसच सदोष ठरण्याचा धोका असतो. "पुन्हा भरा, या वेळी नक्की वटेल" असं म्हणाले तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा भरता येतो. पण भरण्याआधी पहिल्या मेमोपासूनचे किती दिवस गेले ते मोजा. नोटीस देण्यासाठी संचालकांची नावं कंपनी मंत्रालयाच्या साइटवरून आत्ताच उतरवून घ्या. चेकवर ज्याची सही आहे त्याचं नाव त्यात असायलाच हवं.